पाटणमध्ये कमर्शियल बिल्डिंग नेवारी पद्धतीने करायची तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पाटण म्हणजे नेपाळमधलं, काठमांडू खोऱ्यातलं ललितपूर, आणि नेवारी म्हणजे या खोऱ्यातल्या नेवार लोकांची बांधायची पद्धत. तिथल्या जुन्या वस्तीला लागून सहा आण्यांचा (आणा हे नेपाळी जमीनमाप) प्लॉट आहे, म्हणजे आपल्या हिशोबात दोन हजार स्क्वेअर फुटांच्या किंचित वर. खाली शोरूम, मधले दोन मजले ऑफिसला भाड्याने, सगळ्यात वर कॅफे असा प्रोग्राम. मालकाला नेवारी लूक पाहिजे, भाडेकरूंना काच आणि उजेड पाहिजे, आणि स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणतोय की पिलर सिस्टम करा आणि वरून विटा चिकटवा. या तिघांना एकत्र कसं बसवायचं हे तुम्ही विचारलंय. मी पुण्यात शिकलो पण काठमांडू खोऱ्यात बरीच वर्षं काम केलंय, हॉटेलं, ऑफिसं, थोडी जुन्या घरांची दुरुस्ती, त्यामुळे जे सांगतोय ते साइटवरचं आहे.

माझं म्हणणं असं की नेवार घर आणि कमर्शियल बिल्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचं मिश्रण करायचंय असं धरून चालूच नका. बाजाररस्त्यावरचं नेवार घर मुळातच दुकानाचं घर होतं. तळमजला म्हणजे छेली, तिथे दुकान, कारागिराची जागा नाहीतर कोठार. त्याच्यावर मातं, झोपायच्या खोल्या. त्याच्यावर चोतं, बसाउठायची जागा, पाहुणेही तिथेच. आणि अगदी वर छपराखाली बैगल, तिथे स्वयंपाक आणि देवघर. आता हे तुमच्या प्रोग्रामशेजारी ठेवा. शोरूम खाली, कामाची जागा मध्ये, स्वयंपाक वर. तुमच्या मालकाने नकळत जुनाच सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, सांगितलाय. वर किचन ठेवल्याने धुराचा, वासाचा प्रश्न अर्धा आपोआप सुटतो, फक्त गॅसची सिलिंडरं वर न्यायची सोय म्हणून छोटी सर्व्हिस लिफ्ट आत्ताच धरा, नंतर जागा मिळत नाही. तर सांगायचं काय, की लूक मागे राहू दे, आधी सेक्शन काढा.

आपल्याकडच्या आर्किटेक्टला इथे एक सवय नडते. आपण वाड्यात वाढलेलो, निदान वाडे मोजून ड्रॉइंग काढलेलो, त्यामुळे वीट आणि लाकूड आणि मध्ये चौक दिसला की डोक्यात लगेच खांबांमधले खण सुरू होतात. पण वाड्यात भार सागवानी खांब-तुळयांवर असतो आणि भिंत बरेचदा मधली भरण असते, नेवार घरात भार विटांच्या जाड भिंतींवर असतो, रस्त्याकडची एक, मागची एक आणि मधून घराच्या लांबीत जाणारी एक. एकूण खोली साधारण सहा मीटर. त्यामुळे नेवार दर्शनी भागात भिंत मुख्य आणि खिडकी म्हणजे त्या भिंतीला ठेवलेलं भोक, फक्त ते भोक लाकडाच्या भारी चौकटीने बांधून काढलेलं. चौकटीचा खालचा आणि वरचा आडवा लाकडी तुकडा दोन्ही बाजूंना विटांत लांबवर घुसवलेला असतो, आतल्या अंगाला दुसरी साधी चौकट असते आणि दोन्ही भिंतीच्या जाडीतून एकमेकींना जोडलेल्या असतात. हे सगळं काढून नुसतं कोरीव लाकूड काचेच्या पडद्याला लावलं की ते पाटावर ठेवलेल्या भेटवस्तूसारखं दिसतं, त्याचा इमारतीशी काही संबंध राहत नाही. भिंतीचं प्रमाण जास्त ठेवा. रस्त्याकडच्या बाजूला तिसरा हिस्सा उघडा, दोन हिस्से वीट, असा माझा हाताशी असलेला अंदाज आहे आणि तो बहुतेक वेळा चालतो.

अपवाद तळमजल्याचा. तिथे दलान असतं, लाकडी खांबांची उघडी ओळ, आपल्या ओसरीसारखी पण थेट रस्त्याला लागून. शोरूमसाठी याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? शटर ओळीत लावण्यापेक्षा पाच-सहा फूट आत काच घ्या आणि पुढे दलान सोडा. पाऊस जून ते सप्टेंबर धो-धो असतो, लोक तिथे थांबतील, आत बघतील. मालक म्हणेल की भाड्याचा एरिया गेला. त्याला सांगा की जुन्या नगरात फल्चा म्हणून लोकांना टेकायला बांधलेल्या जागा गल्लोगल्ली आहेत आणि आजही म्हातारी माणसं संध्याकाळी तिथेच बसतात, तुझ्या शोरूमसमोर माणसं टेकली तर तुझंच भलं आहे. पटतंच असं नाही, पण मी दरवेळी सांगून बघतो.

मात्र इथेच इंजिनियरशी नीट बसा. दलान म्हणजे खालचा मजला मोकळा, वर विटांच्या भरीव भिंती, आणि आरसीसी फ्रेममध्ये हे केलं की झाला सॉफ्ट स्टोरी. भूकंपात वरचे मजले एका ठोकळ्यासारखे हलतात आणि सगळी मोडतोड खालच्या खांबांवर येते. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपात आणि १२ मेच्या ७.३ च्या धक्क्यात खोऱ्यात अशा शटरवाल्या बिल्डिंगा तळमजल्यावर बसलेल्या सगळ्यांनी बघितल्यात. म्हणून भार लाकडी खांबांवर टाकूच नका. लिफ्ट आणि जिना यांच्याभोवती आरसीसी शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचा आडवा धक्का घेणाऱ्या काँक्रीटच्या सलग भिंती, पायापासून छपरापर्यंत घ्या, मागच्या आणि बाजूच्या भिंतींतही शक्य तिथे, आणि प्लॅनमध्ये त्या एकाच कोपऱ्यात गोळा करू नका, नाहीतर बिल्डिंग पिळली जाईल. दलानचे लाकडी खांब पुढे, फक्त स्वतःपुरतं लाकडी छत घेऊन उभे राहू देत, दगडी बैठकीवर, जुन्या पद्धतीने. मागचे आरसीसी कॉलम लपवायची गरज नाही, प्लास्टर करून साधे ठेवा. दोन्ही वेगळे दिसले तर चांगलंच. डिझाइन एनबीसी १०५, म्हणजे नेपाळच्या भूकंप-डिझाइनच्या कोडच्या २०२० च्या आवृत्तीप्रमाणेच करून घ्या, जुन्या घरगुती नऊ-बाय-नऊ इंचांच्या कॉलमवाल्या सवयी अजून मरत नाहीयेत.

माती हा अजून एक विषय. खोरं म्हणजे जुन्या तळ्याचा तळ आहे, खाली मऊ चिकणमातीचे जाड थर, आणि २०१५ मध्ये या थरांनी चार-पाच सेकंदांच्या संथ लाटा वाढवल्या, त्यामुळे उंच टॉवरना जास्त त्रास झाला. चार मजल्यांना तो प्रकार तितका लागू नाही, पण माती परीक्षण टाळू नका. आणि बेसमेंट पार्किंगचा विचार असेल तर सोडून द्या. शेजारी मातीच्या मसाल्यात बांधलेली जुनी घरं असणार, त्यांचा पाया उथळ, तुम्ही बाजूला दहा-बारा फूट खोदलं की त्यांची भिंत सुटली. शिवाय जुन्या वस्तीत खोदताना काय सापडेल सांगता येत नाही आणि सापडलं की काम थांबतं. जुनी घरं एकमेकांना खेटून असतात, आपल्याला मात्र भूकंपाची फट सोडावी लागते, तुमचा स्लॅब शेजारच्याच्या भिंतीच्या मधोमध आदळायला नको. ती फट रस्त्याच्या बाजूने एका बाजूलाच फिक्स केलेल्या पत्र्याच्या पट्टीने झाका आणि वर विटेच्या रंगाचं काही लावा, उगाच मसाला भरून बंद करू नका, लोक हमखास करतात.

आता खरी मारामारी, मजल्याची उंची. जुन्या घरात मजला सहा-सात फुटांचा. ऑफिसला साडेदहा फूट तरी लागतो, डक्ट आणि बीम धरून. बहुतेक जण काय करतात, तर खिडकीही त्या प्रमाणात दीडपट करतात, आणि मग सगळं फुगलेलं दिसतं, कोरीव काम पण मोठं केल्याने बोजड होतं. खिडकी जुन्या मापाचीच ठेवा. वाढलेली उंची विटांच्या आडव्या कोरीव पट्ट्यांत वाटून टाका, एक पट्टी खिडकीच्या तळाशी, एक वर, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला भिंत योग्य तुकड्यांत दिसते, स्लॅब नेमका कुठे आहे हे त्याला कळायची गरज नसते. खिडक्यांची संख्या विषम, मधली दाराच्या अक्षावर, बाकी दोन्हीकडे सारख्या. ही शिस्त पाळली तर अर्धं कोरीवकाम वगळलं तरी इमारत पाटणची वाटते.

सांझ्या तर एकदाच. ही तीन खणांची मोठी खिडकी चोतंवर, म्हणजे बैठकीच्या मजल्यावर, मधोमध असायची, झडप वर उचलून आतल्या बाजूला अडकवायची आणि मांडी घालून बसलं की रस्ता दिसायचा. हल्लीची हॉटेलं प्रत्येक मजल्यावर सांझ्या लावतात, मग तिला अर्थ राहत नाही. तुमच्याकडे तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे वरच्या ऑफिसच्या मीटिंग रूमला ती द्या. आमच्या एका कामात आम्ही सांझ्याची बैठक जमिनीपासून सव्वा फुटावर घेतली, जाड लाकडी फळी, आत उशा, आणि मीटिंगचं टेबल दोन फूट मागे ढकललं. क्लायंटचे लोक मीटिंग संपली की टेबलावरून उठून त्या फळीवर जाऊन चहा घेतात. सुताराने झडपेच्या मागे सरकत्या काचेची वेगळी चौकट बसवली, कोरीव लाकडात खाच न पाडता, म्हणजे काच फुटली तर कोरीव भागाला हात लावावा लागत नाही.

तिकिझ्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्यातून हवा येते, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही, पण उजेड फार कमी येतो. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) लागतात, ते तिकिझ्यातून मिळणार नाहीत. म्हणून ती जिन्याला, टॉयलेटला, पॅसेजला आणि पश्चिमेच्या उन्हाला लावा. काच आतून उघडणारी ठेवा, नाहीतर जाळीमागची धूळ कोणी पुसत नाही आणि काठमांडूची धूळ म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

भाडेकरूंच्या काचेचं उत्तर मागे आहे. पुढे वीट, मागे चौक. बहाल, म्हणजे बौद्ध विहाराचं आवार, असो की साधं घर, नेवार वस्ती चौकाभोवतीच बांधलेली असते, आणि चौकाकडचा दर्शनी भाग रस्त्यापेक्षा जास्त मोकळा ठेवायला परंपरेची काही आडकाठी नाही. तुमच्या प्लॉटमध्ये पूर्ण चौक बसणार नाही, पण मागच्या बाजूला पंधरा-सोळा फुटांचा अर्धा चौक सोडला आणि त्याच्याकडे छतापासून कमरेपर्यंत काच घेतली तर दोन्ही ऑफिसना दिवसभर उजेड येतो. चौकाच्या भिंती पांढऱ्या चुन्याच्या. चौकावर काचेचं छप्पर टाकायचा मोह होतो, टाकू नका, उन्हाळ्यात तापतं आणि आग लागली तर धूर तिथेच कोंडतो. आणि जिना आरसीसीचाच, दोन्ही बाजूंनी बंद. लाकडी जिना हवाच असेल तर कॅफेत पोटमाळ्यापुरता.

विटेबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. दाची अप्पा, ज्याला साइटवर तेलिया ईंट म्हणतात, ती बाहेरच्या तोंडाला रुंद आणि आत निमुळती असते. दोन विटा शेजारी ठेवल्या की पुढचं तोंड एकमेकांना टेकतं आणि मसाला मागच्या फटीत राहतो, बाहेर जवळजवळ दिसत नाही. भक्तपूरचा एक गवंडी ही वीट लावताना मी तासन् तास बघत बसलोय. तो वीट आधी पाण्यात बुडवतो, शेजारच्या विटेवर पुढची कड घासून बघतो, बसत नसेल तर दुसरीवर दोन-तीन वेळा घासून परत लावतो, आणि ओळंबा बघण्याआधी तळहात भिंतीवरून आडवा फिरवतो. एखादी वीट केसभर पुढे असेल तर हाताला कळतं. तोंडावर लाल मातीचा लेप भाजलेला असतो, म्हणून ती चकाकते आणि पाणी लवकर पित नाही. जुन्या कामात मागे पिवळ्या चिकणमातीचा मसाला आणि बाहेरच्या बारीक सांध्यांत राळेचा लेप असायचा. आज लोक मागे घट्ट सिमेंट भरतात, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीवर पांढरा लोणा फुटतो, मग तो घालवायला ॲसिडने धुतात आणि विटेचं चकाकतं तोंडच जातं. मागे चुन्याचा मसाला वापरा, सिमेंट टाकायचंच तर अगदी थोडं.

आणि इंजिनियर म्हणाला तसं ‘वरून चिकटवणं’ मात्र कधीच नाही. जुन्या भिंतीतसुद्धा बाहेरची चांगली वीट, आतली कच्ची वीट आणि मधली भर हे थर एकमेकांना नीट बांधलेले नसायचे, म्हणून भूकंपात बाहेरचा थर पोट काढून कोसळायचा. आपण तीच चूक टाइल ॲडहेसिव्हने करायची का? प्रत्येक मजल्यावर स्लॅबमधून बाहेर काढलेला नाहीतर बोल्ट केलेला स्टेनलेसचा अँगल, त्यावर त्या मजल्याच्या विटेचा भार, दर दीड-दोन फुटांवर मागच्या भिंतीला धरणारे स्टेनलेसचे टाय, आणि अँगलखाली हलायला थोडी मऊ फट. ही फट नेमकी त्या कोरीव पट्टीच्या मागे लपते. चार मजल्यांवरून फुटपाथवर विटांची भिंत पडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

छपराचं गणित सोपं आहे. जुन्या छपरात वाशांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि त्यात बसवलेली झिंगटी, म्हणजे छोटी चपटी कौलं. मातीचा थर तीन इंच धरला तरी चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या वर वजन होतं, ओली माती अजून जड, आणि दोन पावसाळ्यांत वर गवत उगवतं. एवढं वजन सगळ्यात वर ठेवायचं कारण नाही. हलका स्टील ट्रस, वर प्लाय, वॉटरप्रूफिंगचा पडदा, पट्ट्या, आणि झिंगटी तारेने बांधलेली. इन्सुलेशन विसरू नका, कॅफे नेमका खाली आहे. वळचण मात्र भरपूर काढा, ती नुसती शोभेची नाहीये. काठमांडू साधारण २७.७ अंश उत्तरेला आहे, दक्षिणेकडच्या भिंतीवर तीन फुटांची वळचण असेल तर डिसेंबरात भर दुपारी तिची सावली अडीच फुटांतच संपते आणि हिवाळ्याचं ऊन आत येतं, जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने तीच वळचण दुपारी अख्खी भिंत झाकते. पागोळ्याही भिंतीपासून लांब पडतात.

टुंडाल, म्हणजे वळचणीला खालून दिलेले तिरके लाकडी टेकू, खरोखर भार घेत असतील तरच लावा. स्लॅबच्या कडेला स्क्रूने अडकवलेले टुंडाल लगेच ओळखू येतात. आणि त्यांच्यावर देवता कोरू नका. देवतांचे टुंडाल देवळांचे आणि राजवाड्यांचे, घरांचे साधे किंवा वेलबुट्टीचे. तसंच दोन-तीन छपरांचे टप्पे आणि वर सोनेरी गजूर, म्हणजे कळस, हे देवळाचं आहे, शोरूमचं नाही, तोरणात, म्हणजे दारावरच्या कोरीव लाकडी पटात, देव बसवून खाली बारचा दरवाजा काढलेलाही मी बघितलाय आणि शेजारच्या बायका काय बोलत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. दारासमोर रस्त्यात पिखालखीचा दगड असेल, म्हणजे उंबऱ्यासमोरचा पूजेचा दगड, तर रॅम्प किंवा फुटपाथची फरशी त्याच्यावरून नेऊ नका. रॅम्प दलानच्या बाजूने आत घ्या.

रस्ता रातो मच्छिंद्रनाथाच्या, म्हणजे पाटणच्या रथयात्रेच्या देवाच्या, रथाच्या वाटेवर आहे का ते शेजाऱ्यांना विचारा. रथ साठेक फूट उंच असतो, डुलत येतो, आणि पुढे आलेली वळचण, बोर्ड, केबल सगळं त्याच्या आड येतं.

सर्व्हिसेसबद्दल एकच सांगतो, एसीची आउटडोअर युनिटं, पाण्याच्या टाक्या, सोलरच्या नळ्या यांची जागा पहिल्या स्केचमध्ये ठरवा, मागच्या उताराच्या आत एक खोलगट सपाट भाग सोडला की सगळं तिथे बसतं आणि रस्त्यावरून दिसत नाही. बोर्ड दलानच्या तुळईखाली टांगलेले, एका मापाचे, आणि ही अट भाडेकरारातच लिहून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत तुमच्या विटेवर चमकणारा फ्लेक्स येतो.

बघायला कुठे जाल? पाटण म्युझियम पहिल्यांदा. जुन्या राजवाड्याचा केशव नारायण चौक, ऑस्ट्रियन मदतीने आणि ग्योट्झ हागम्यूलर या आर्किटेक्टच्या हाताखाली दुरुस्त होऊन १९९७ मध्ये उघडलं, आणि त्यात नवं पोलाद कुठे घातलंय ते लपवलेलं नाही. भक्तपूरला च्यासिलिन मंडप बघा, १९३४ च्या भूकंपात गेलेला, १९९० च्या सुमारास आत स्टील फ्रेम घालून परत उभा केला, तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली, २०१५ ला तो उभाच राहिला. काठमांडूत बत्तीसपुतलीचं द्वारिकाज् हॉटेल कोरीव लाकूड वाचवण्याच्या ध्यासातून उभं राहिलं, तिथे जुन्या खिडक्या नव्या विटेत कशा बसवल्यात ते बघा, फक्त त्यांच्याइतकं लाकूड वापरायचं बजेट तुमच्याकडे नाही हे लक्षात ठेवा. आणि लाकडाशिवायही वीट इथली वाटू शकते हे बघायचं तर काठमांडूतली आर्किटेक्ट लुई कान यांची सत्तरच्या दशकातली फॅमिली प्लॅनिंगची इमारत आणि बौद्धनाथला आर्किटेक्ट कार्ल प्रुशा यांचं तारागाव, जे आता म्युझियम आहे. बबरमहल रिव्हिजिटेड, म्हणजे काठमांडूतलं जुन्या राणा महालाच्या आवारातलं दुकानांचं संकुल, छान आहे, पण ते राणा राजवटीच्या महालांच्या वळणाचं, क्लायंट ते दाखवून ‘असंच नेवारी करा’ म्हणाला तर गोड बोलून विषय बदला.

आता क्रम. आधी ललितपूर महानगरपालिकेत जाऊन प्लॉट स्मारक क्षेत्रात येतो की त्याच्या बाहेर, हे लेखी घ्या, कारण उंची, विटेचा दर्शनी भाग, उतरतं छप्पर, लाकडी खिडक्या यांचे नियम त्यावर ठरतात, स्मारक क्षेत्रात असेल तर पुरातत्त्व विभागही येतो. मग लगेच लाकूड घ्या. सालाचं लाकूड वजनदार आणि टणक, पण ओलं वापरलं तर चौकट पिळवटते आणि झडप बसत नाही, त्यामुळे पायाचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी लाकूड सुतारांच्या शेडमध्ये चिरून रचलेलं पाहिजे. दाची अप्पाही एका भट्टीची एकदम बुक करा, दोन भट्ट्यांचा लाल रंग जुळत नाही. आणि कॉलम उभे राहत असतानाच साइटच्या कोपऱ्यात सहा फूट बाय सहा फुटांची नमुना भिंत बांधून घ्या, त्यात एक खिडकी, एक पट्टी, एक अँगल, सगळे टाय, आणि एक पावसाळा तिला तसंच भिजू द्या. मालक, इंजिनियर आणि गवंडी या तिघांना त्या भिंतीसमोर उभं करून मगच पुढच्या विटांची ऑर्डर फायनल करा.